लासलगावची कांदापट्टी

दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला जायचे, हा आमच्या वस्तीतल्या मंडळाचा जुना नेम आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली ज्या गावी धर्मांतराची घोषणा केली तिथल्या मुक्तिभूमीवर नतमस्तक व्हायचे, पुस्तकांच्या दुकानांवरून दोन-चार पुस्तके घ्यायची, मनमाडला येऊन मिळेल ती गाडी पकडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीत हजर. कारकुनाची यात्रा ती एवढीच! परंतु २०२५ साली मी मंगळवारचीही रजा टाकली होती. मामांचा आधीच फोन आला होता, "औंदा परस्पर पळून जाऊ नको. आजोळी एक रात्र राहा. सकाळी अण्णांचा कांदा लासलगावला न्यायचाय, तूही चल. तुझं कॉमर्स झालंय, अण्णांना तुला हिशेब दाखवायचाय."

माझे आजोळ निफाड तालुक्यात, लासलगावपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. गावाचे नाव देत नाही. ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसे तिथेच राहतात, आणि खेड्यात राहायचे म्हणजे सगळ्यांशी राहायचे असते.

येवल्याहून विंचूरमार्गे एसटी निघाली तेव्हा ऊन कलले होते. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीच्या खुणा रस्त्याच्या दोन्ही अंगांना होत्या. मक्याची कणसे काळी पडलेली, सखल वावरांत अजून पाणी. द्राक्षबागांत मात्र छाटणीची गडबड होती. सुरगाणा-पेठकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या बागांच्या कडेला पाल ठोकून उतरल्या होत्या. खिडकीशेजारी बसलेल्या एका बाईंना मी विचारले, "कांद्याचं कसं काय यंदा?" त्या म्हणाल्या, "रोपं सडली वावरात, अन् चाळीतला कांदा सडला चाळीत." एका वाक्यात सगळा तालुका सांगून त्या विंचूरला उतरून गेल्या.

शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे चाळ म्हणजे माणसांची. या मुलखात चाळ म्हणजे कांद्याची. जमिनीपासून हात-दीड हात उंच केलेला तळ, दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशा बांबूच्या नाहीतर जाळीच्या भिंती आणि वर पत्रे. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा तिच्यात भरतात आणि भावाची वाट बघत पार दिवाळीपर्यंत जपतात. जपून जपून किती जपणार? पाच-सहा महिन्यांत शंभर किलोंतला तीस-चाळीस किलो सडून, मोड येऊन, वाळून जातो. पावसाळ्यानंतर गावात शिरताना नाकाला पहिला भेटतो तो त्या सडक्या कांद्याचा दर्प. लहानपणी मला तो मुळीच सहन होत नसे. आई म्हणायची, "वास येतो म्हणजे गावात काम आहे." लग्नाआधी ती अण्णांच्याच वडिलांच्या मळ्यात कांद्याची पात कापायला जात असे. पाणी प्यायला वेगळी ओंजळ आणि पात कापायला मात्र तीच बोटे, असा तो काळ.

रात्री जेवताना मामांनी अण्णांचा विषय काढला. अण्णा म्हणजे गावातले बारा एकरांचे मराठा शेतकरी, वय पंचाहत्तरच्या घरात. त्यांचे वडील जनसंघाचे. आजूबाजूची सगळी गावे काँग्रेसच्या बैलजोडीमागे होती तेव्हा या एका घरावर जनसंघाची पणती रंगवलेली असे, आणि लोक हसत. आणीबाणीत वडील नाशिकरोडच्या तुरुंगात गेले. १९७७ ला पणती जाऊन जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आला, १९८० ला भारतीय जनता पक्ष निघाला आणि कमळ आले. चिन्हे बदलली, घर बदलले नाही. १९८० सालीच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे कांदा आणि उसासाठी आंदोलन पेटले. अण्णा रस्त्यावर बसले, लाठीही खाल्ली. पण मत कमळालाच. १९८९ ला रामशिला गावातून फिरल्या तेव्हा मिरवणुकीच्या पुढे अण्णा होते. १९९० ला मंडल आयोगाच्या वेळी पारावर बसून ते काय बोलले होते हे मामांना अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"अन् आता तेच अण्णा पक्षाला शिव्या देतात," मी म्हणालो.

मामांनी ताटातली भाकरी मोडली. "एवढ्यात खूश नको होऊ. मन बदललं असं समजू नको. भाव बदललाय."

मामांचे हे म्हणणे डोक्यात घेऊनच मी झोपलो. पहाटे पाचला मामेभावाने पिकअप चाळीपाशी लावली. आदल्या दिवशी मामी आणि वस्तीतल्या पाच जणींनी कांदा निवडून ठेवला होता. सडका एकीकडे, मोड आलेला एकीकडे, गोल्टी एकीकडे आणि विकण्याजोगा एकीकडे. अण्णा धोतर-टोपीत तयारच उभे होते. मला पाहून म्हणाले, "राम राम, भाचे!" मी म्हटले, "जयभीम, अण्णा!" माझी आई गावची लेक, म्हणून मी सगळ्या गावाचा भाचा. गावाच्या नात्यांची ही रीत मोठी गमतीची आहे. जात उंबऱ्यावर थांबवते आणि नाते वेशीपर्यंत सोडायला येते.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचे नाव घेतात, आणि सकाळी नऊच्या सुमारास तिथे उभे राहिले की ते पटते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप यांच्या रांगाच रांगा. कांद्याच्या सालपटांचा गुलाबी पाचोळा पायांखाली, वाऱ्यावर, चहाच्या पेल्यातसुद्धा. गावात भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्रही २००२ पासून आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ते उभारले. पण नाव झाले ते तिथून विकिरण करून अमेरिकेला गेलेल्या आंब्यामुळे. कांद्याच्या नशिबी इथेही दुसरा नंबरच!

लिलाव मी प्रथमच जवळून पाहिला. व्यापाऱ्यांचा घोळका रांगेतून चालत येतो. एक जण ढिगात हात घालतो, दोन कांदे बाहेर काढून दाबतो, साल चोळतो. पुकारा सुरू होतो, आकडे पन्नास-शंभराने वर सरकतात आणि कुठेतरी थांबतात. बाजार समितीचा माणूस कागदावर आकडा टाकून तो शेतकऱ्याच्या हातात देतो. घोळका पुढच्या गाडीकडे गेलेला असतो. सहा महिने जपलेल्या मालाचा निकाल एका मिनिटात! अण्णांच्या गाडीपाशी पुकारा नऊशेला सुरू झाला आणि एक हजार दहाला थांबला. अण्णांनी कागद घेतला, पाहिला नाही, टोपीत ठेवला.

पुढे गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली. तिथे वजन, मग माल खाली करणे. खळ्यावर कांदा निवडायला, गोण्या भरायला ओळीने बाया बसलेल्या. माझ्यातला कार्यकर्ता जागा झाला म्हणून दोघींशी बोललो. आवक असली तर काम, नसली तर घरी. आवक बंद पडण्याचे दिवस त्यांना तोंडपाठ होते. ऑगस्ट २०२३ आणि डिसेंबर २०२३. या दोन्ही वेळी केंद्र सरकारच्या निर्णयाविरुद्ध लिलाव बंद पडले होते. "शेतकऱ्याचं पेपरात आलं," एक जण म्हणाली, "आमची चूल बंद होती ते कुठं आलं नाही." ते इथे लिहून ठेवतो.

वजनाला वेळ होता. अण्णा आणि मी चहा घेऊन पिकअपच्या सावलीत बसलो. मी सरळच विचारले, "अण्णा, तुम्ही पन्नास वर्षं एका पक्षाचे. भाव तर आधीही पडले. मग आताच काय झालं?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाव पडणं आम्हाला नवं नाही. पाऊस कमी झाला तर पीक जातं, बरा झाला तर भाव जातो. देवाचं अन् बाजाराचं आम्ही सोसतो. पण दारात आलेला भाव आपल्याच माणसानं माघारी धाडला, ते नाही सोसलं."

आता हे माघारी धाडणे काय होते, ते सांगतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. ओरड झाल्यावर आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी करू असे जाहीर केले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लावले. आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. डिसेंबर हा महिना ध्यानात घ्या. त्या दिवसांत बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल टिकत नाही. काढला की थोड्याच आठवड्यांत विकावाच लागतो. म्हणजे ज्या माणसाला माल घरात ठेवताच येत नाही, त्याच्या दाराला बाहेरून कडी घातल्यासारखे झाले. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लासलगावला सरासरी भाव चार हजारांच्या आसपास होता; बघता बघता तो निम्म्याखाली आला. अण्णांच्या वहीत दोन ओळी आहेत. ६ डिसेंबर, ३,८०० रुपये. जानेवारीचा तिसरा आठवडा, १,२०० रुपये. तेच वावर, तेच बियाणे, तोच माणूस.

बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती पुढे वाढवली. एप्रिलअखेर दोन हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली, ती गुजरातच्या कांद्याला. दोन हजार टन म्हणजे या बाजारात काहीच नव्हे; पण ती बातमी ज्या दिवशी आली त्या दिवशी आपल्याला आत काहीतरी तुटल्यासारखे झाले, असे अण्णा सांगतात. लोकसभेचे मतदान तोंडावर आले तेव्हा, ४ मे रोजी, बंदी उठली. तीही ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरचे किमान मूल्य ठेवून.

अण्णांची कैफियत मी इतकी लिहिली म्हणून कोणी असे समजू नये की हे पाप एकट्या एका पक्षाचे आहे. डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारनेही निर्यात बंद केली होती. तेव्हा शरद पवार कृषिमंत्री होते आणि अण्णांनी चावडीवर बसून त्यांना यथेच्छ शिव्या दिल्या होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली, ती अण्णांच्या स्वतःच्या पक्षाच्या सरकारने आणली. विधानसभेची निवडणूक महिन्यावर होती. अण्णांनी शिव्या दिल्या नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली, तेव्हाही नाहीत. "घरचं माणूस चुकलं की चारचौघांत बोलू नये, असं वाटायचं," ते म्हणाले. "दोनदा पोटात घातलं. तिसऱ्यांदा पोटातच जागा राहिली नाही."

मीही त्यांच्यापुढे एक कबुली दिली. १९९८ साली मी कॉलेजात होतो. दिल्लीत कांदा चाळीस-पन्नास रुपये किलो झाला, मुंबईतही तीच बोंब. आमच्या वस्तीतल्या बायकांनी रेशन कार्यालयावर मोर्चा नेला. गळ्यात कांद्यांच्या माळा होत्या आणि सर्वांत पुढे माझी आई होती. त्याच वर्षी दिल्ली आणि राजस्थान या दोन्ही राज्यांत भारतीय जनता पक्षाची सरकारे गेली, आणि कांद्याने पाडली असे सगळे म्हणाले. तेव्हापासून दिल्लीच्या गादीवर कोणीही बसो, शहरातल्या बाईच्या पिशवीतल्या कांद्याला तो भितो. शेतातल्या कांद्याला भीत नाही. ज्या आईने अण्णांच्या मळ्यात पात कापली तिनेच मुंबईत त्या कांद्याचा भाव पाडा म्हणून घोषणा दिल्या. दोन्ही वेळा तिच्या घरात पैसा नव्हता. अण्णा ऐकून हसले. म्हणाले, "तुझ्या आईचा धसका दिल्लीनं घेतला. आमचा घेतला नाही, कारण आम्ही कुठं जाणार नाही हे ठाऊक होतं. मला या बाजारात यायला पन्नास वर्षं झाली. रोज कांद्याचा लिलाव होतो. माझ्या मताचा कधी पुकारासुद्धा झाला नाही. न विचारता उचलून नेलं."

हा माणूस चौथी शिकलेला आहे. मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षे सभांतून मताचे मोल यावर भाषणे करीत आलो आहे.

दुपारी परत मळ्यात आलो. अण्णांच्या घराच्या गच्चीवर एक लोखंडी नळी उभी आहे, झेंड्याची. झेंडा नाही. पण ओसरीवर अटलबिहारी वाजपेयींचा जुना फोटो होता तिथेच आहे. मी पाहतोय हे पाहून ते म्हणाले, "झेंडा उतरवला. फोटो नाही उतरवत. त्या माणसानं माझं काही घेतलं नाही." १९९८ साली पंतप्रधान वाजपेयीच होते, हे मी बोललो नाही. चहा ओसरीवरच आला, सगळ्यांना सारख्या कपांत. मामा मात्र सवयीने पायरीवरच बसले.

मग मतदानाची गोष्ट निघाली. ती सांगताना अण्णांचा चेहरा थोडा पडला आणि त्यांची सून दाराआडून हसू लागली. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात २००९, २०१४ आणि २०१९ अशी ओळीने तीनदा कमळाची निवड झालेली. २०२४ ला केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार पुन्हा उभ्या होत्या आणि समोर शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भर सभेत एका तरुणाने कांद्यावर बोला म्हणून हाक दिली. अण्णा त्या सभेला होते. पक्षाच्या सभेला न जाणे त्यांना माहीतच नव्हते. "त्या पोराच्या तोंडून माझंच मन बोललं," ते म्हणाले. "पण मी गप्प बसलो. अन् गप्प बसल्याची लाज वाटली. त्या रात्री ठरवलं."

२० मे रोजी मतदान. अण्णा सकाळी सातला केंद्रावर. यंत्रासमोर उभे राहिले. "बोट कमळाकडंच जात होतं रे. मी ते धरून खाली आणलं." खाली आणून त्यांनी तुतारीचे बटण दाबले. संध्याकाळी नातवाने विचारले, "आजोबा, तुतारी वाजवणारा माणूस होता ना?" अण्णा म्हणाले, "माणूस नव्हता. नुसती तुतारी होती."

वाचकांना आठवत असेल, शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस असे होते, आणि त्याच मतदारसंघात भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली होती. त्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मते पडली! भास्कर भगरे तरीही एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले म्हणून बरे. अण्णांनी हयातीत पहिल्यांदा पक्ष सोडला आणि मत भलत्याच तुतारीत गेले. ओसरीवर आम्ही सगळे हसलो, अण्णाही हसले. पण हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "घर सोडायची सवय नव्हती. दरवाजा चुकला."

मला आदल्या दिवशीचे येवले आठवले. घोषणा १९३५ ला झाली आणि दीक्षा १९५६ ला. मधली एकवीस वर्षे बाबासाहेबांनी कशाकशाचा अभ्यास केला, किती धर्म पडताळून पाहिले! अण्णांचे सोडणे आणि आपले सोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, याची मला जाणीव आहे. आपण माणूस म्हणून जगण्यासाठी सोडले. तरी पंचाहत्तरीच्या माणसाला एका रात्रीत नवे घर का सापडले नाही, म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

पुढची कथा तर आणखी गुंत्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य काढले आणि शुल्क निम्म्यावर, २० टक्क्यांवर आणले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. पाच-सहा महिन्यांपूर्वीचा राग गेला कुठे? अण्णांच्या घरातच उत्तर होते. दोन्ही सुनांच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये दर महिन्याला पडत होते. "कांद्याचे पैसे यांच्या हातात," धाकटी सून दाराआडून म्हणाली, "ते पैसे माझ्या हातात." यावर बोलायला अण्णांपाशी काही नव्हते आणि माझ्यापाशीही नव्हते. स्वतः अण्णा त्या दिवशी मळ्यातून हललेच नाहीत. कारण इकडे महायुतीचे चिन्ह कमळ नव्हते, घड्याळ होते. ज्या राष्ट्रवादीशी त्यांनी पंचवीस वर्षे भावकीसारखे वैर केले, तिच्यातला अजित पवारांचा गट २०२३ च्या जुलैत सरकारात आला आणि पक्षाचा निरोप आला, घड्याळ दाबा. "कांद्यानं मन मोडलं होतं," अण्णा म्हणाले, "घड्याळानं मान मोडली."

१ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क पूर्ण उठले. आता भाव यायला हवा होता. आला नाही. बांगलादेश हे आपल्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक. दार सारखे उघड-बंद होणाऱ्या दुकानात कोण उभे राहील? तिथे लोकांनी स्वतःचा कांदा वाढवला आणि दुसऱ्या देशांचाही घेऊन पाहिला. शिवाय मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान इथेही पीक वाढलेले. बंदी घालणे एका कागदाचे काम असते, गेलेले गिऱ्हाईक परत आणणे नव्हे.

अण्णांनी वही पुढे केली. मी हिशेब मांडला. एप्रिलमध्ये चाळीच्या या खणात २७ क्विंटल भरला. उत्पादनाचा खर्च अण्णांच्या लेखी क्विंटलला बाराशे, म्हणजे ३२,४००. त्यातला आज निघाला १८ क्विंटल ४० किलो. भाव १,०१०. एकूण १८,५८४. हमाली, तोलाई वजा जाता हातात १८,४००. गाडीभाडे १,०००. निवडणाऱ्या सहा बाया, तीनशेप्रमाणे १,८००. उरले १५,६००. सहा महिने राखण, आणि वर सोळा हजार आठशेचा तोटा. मी दोनदा बेरीज करून पाहिली. कचेरीत चूक सापडली की आनंद होतो. इथे चूक सापडावी असे वाटत होते आणि सापडत नव्हती.

मामी तोवर चाळीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या अठराशेंपैकी तीनशे. ते अण्णांनी तिथल्या तिथे मोजून दिले. २०२४ च्या जानेवारीत मात्र लागवडीची मजुरी दोन महिने थकली होती. पुढे म्हैस विकून अण्णांनी ती पै न् पै चुकती केली, हे मामांनीच मला सांगितले. आणि हेही सांगितले की, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाव चार हजारांकडे गेला तेव्हा रोज तीनशेचा तीनशेच राहिला होता. तोटा वरून खाली झिरपतो, नफा वरच्या वर अडतो. अण्णांविषयी मला आपुलकी वाटते; पण वहीची ही बाजूही मी मिटू शकत नाही.

निघण्याच्या बेतात होतो तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. गावातलाच मुलगा, अण्णांच्या भावकीतला, पक्षाचे काम करतो. जिल्हा परिषदेच्या निवडणुकांची तेव्हा चर्चा सुरू झाली होती. हातात यादी होती. "आजोबा, बूथच्या कमिटीत तुमचं नाव धरलंय. दरवर्षीसारखं." तुम्ही याल का, असे त्याने विचारले नाही.

"बस. आधी चहा घे," अण्णा म्हणाले. सुनेने चहा आणला. त्याने कप तोंडाला लावला तशी अण्णांनी टोपी काढली, तिच्यातली सकाळची पट्टी उलगडली आणि त्याच्यापुढे धरली.

"वाच."

त्याने डोळ्यांनी वाचली. "वाचली, आजोबा."

"मोठ्यानं वाच. भाचे मुंबईचे आहेत, त्यांना ऐकू दे."

मुलगा वाचू लागला. शेतकऱ्याचे नाव. वजन. भाव. एकूण रक्कम. हमाली. तोलाई. आवाज खाली खाली येत गेला. निव्वळ देणे या ओळीपाशी तो थांबला.

"किती?" अण्णांनी विचारले.

त्याने आकडा सांगितला. अण्णांनी पट्टी घेतली, घडी घातली, पुन्हा टोपीत ठेवली. नावाचे काय, हे त्याने विचारले नाही आणि अण्णांनीही सांगितले नाही. चहा मात्र त्याला पुरता प्यायला लावला.

मामेभाऊ पिकअपचा हॉर्न वाजवीत होता. मनमाडची गाडी चुकली असती. मामींनी पाच किलो कांदा पिशवीत बांधून दिला होता, निवडलेला. अण्णा वेशीपर्यंत आले. म्हणाले, "भाचे, मुंबईत आज काय भाव आहे?"

मी सांगितले, "पंचवीस रुपये किलो."

"दहाचे पंचवीस," ते म्हणाले. बोटांवर काहीतरी मोजले आणि मळ्याकडे वळले.